आगगाडीनंतरची गोष्ट

शाळेत असताना माझा बरेच दिवस असा समज होता, की 'रे.' हे टिळकांचं नाव आहे. कवितेखाली छापलेलं असायचं, रे. ना. वा. टिळक. आमच्या वर्गात एक रेवणसिद्ध होता, म्हणून मी टिळकांनाही मनातल्या मनात रेवणसिद्ध करून टाकलं होतं. 'केवढे हे क्रौर्य' तोंडपाठ होती, त्या जखमी पक्षिणीपाशी दरवेळी घसा दाटून यायचा, रसग्रहणाला मार्कही बरे पडायचे. पण 'रे.' म्हणजे रेव्हरंड, आणि रेव्हरंड म्हणजे चर्चचा पाळक, हे कळायला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष उजाडलं. कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृत जाणणारा, कीर्तनं करणारा माणूस पाळक कसा झाला, असा प्रश्न तेव्हाच पडला होता. पण एम-थ्री राहिला होता, त्यामुळे तो प्रश्न मागे पडला.

तो परत वर आला या नाताळात. आमच्या टीममधला एक मित्र नगरचा. (आता अधिकृत नाव अहिल्यानगर, पण त्याच्या आणि माझ्या तोंडी नगरच बसलंय.) त्याचे वडील निवृत्त पाळक. रिलीज संपला होता, क्लायंट सुट्टीवर होता, आणि हा म्हणाला, "चल रे घरी, फराळ खायला." मला वाटलं केक असेल. केक होताच, पण करंज्या, शेव, चकल्या, रव्याचे लाडू असा सगळा दिवाळीचा सरंजामही होता. काकूंनी ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे दिवाळी डिसेंबरात येते."

काकांची गोष्ट सांगायच्या आधी मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. कारण मी नगरला गेलो तो पोटात एक थाप घेऊनच गेलो होतो.

त्याच्या आदल्या वर्षी बाबांची बायपास झाली. आम्ही सांगलीचे. आईची नरसोबाच्या वाडीवर अपार श्रद्धा. ऑपरेशन ठरलं तशी तिनं मला फोनवर सांगितलं, "गुरुचरित्राचा सप्ताह कर. तुझ्या हातून झाला पाहिजे." आमच्याकडे बायकांनी गुरुचरित्र वाचायचं नाही असं मानतात, आणि घरातला दुसरा पुरुष ऑपरेशन टेबलवर जाणार होता. म्हणजे उरलो मी. पोथी तिनं सोबत दिलेलीच होती, लाल फडक्यात बांधलेली. पुण्यातल्या फ्लॅटवर मी पहाटे आंघोळ करून बसलोसुद्धा. पहिल्या दिवसाचे नऊ अध्याय. पहिला वाचून झाला, आणि दुसऱ्याला हात घालताना लक्षात आलं, की हे मी कोणाशी बोलतोय हेच मला माहीत नाही. राग नव्हता, बंडही नव्हतं. फोन लावावा आणि पलीकडे रिंगच जाऊ नये, तसं. मी पोथी बांधून ठेवली. वाटलं, विश्वास नसताना वाचणं हा खोटेपणा होईल.

आणि सातव्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा म्हणालो, "हो गं, झालं पारायण." वाचायचा खोटेपणा टाळला, आणि हा एवढा मोठा केला!

बाबा खडखडीत बरे झाले. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "लेकानं सप्ताह केला, म्हणून निभावलं." मामाला सांगितलं, शेजारच्या कुलकर्णी काकूंना सांगितलं, वाडीच्या पुजाऱ्यांनाही सांगितलं. दर गुरुवारी तिचा फोन येणार, "दिवा लावलास ना रे?" आणि मी म्हणणार, "हो गं." मॉनिटरवर बग तसाच.

तर, नगर. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. मी काकांना सहज विचारलं, "काका, टिळक ख्रिस्ती कसे झाले हो?" काका हसले. म्हणाले, "आगगाडीची गोष्ट सांगू, की त्यानंतरची?"

आगगाडीची गोष्ट अशी. १८९३ साल. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. वय बत्तीसच्या आत. डब्यात एक गोरा प्रवासी. बोलता बोलता कवितेवरून गाडी धर्मावर आली. उतरताना साहेबानं टिळकांना नवा करार दिला, आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचायचा शब्द दिला होता, म्हणून पेन्सिल घेऊन खुणा करत सुरुवात केली. मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायापासून डोंगरावरचं प्रवचन येतं. तिथं ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. साहेबाची दोन वर्षांची मुदत जवळपास तंतोतंत पाळली गेली.

ख्रिस्ती मंडळींमध्ये याला 'साक्ष' म्हणतात. मी आधी कसा होतो, मग काय घडलं, आणि आता कसा आहे. काका म्हणाले, या साक्षींचा एक साचा असतो, आणि ऐकणाऱ्यांना त्यातला मधला भाग सगळ्यात जास्त आवडतो. तो क्षण. ती आगगाडी. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांना तेवढा एक कमिट बघायचा असतो, ज्यानं सिस्टीम बदलली.

पण लॉग मागे मागे बघत गेलात तर गाडीच्या आधीही बरंच काही सापडतं. टिळक जातिभेदावर आधीच चिडलेले होते. देव सगळ्यांचा बाप असेल तर माणसं एकमेकांची भावंडं हवीत, मग हे विटाळ कसले, असे प्रश्न त्यांना पडत होते. तुकाराम त्यांच्यात मुरलेला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते पुढे सांगत. म्हणजे गाडी आली तेव्हा माणूस आधीपासूनच फलाटावर उभा होता.

पुण्याला परत आल्यावर मी लायब्ररीतून पुस्तकं आणायचा सपाटा लावला. विषय एकच, त्या काळात धर्म बदलून पुढे पाळक झालेली मराठी माणसं. किती वेगवेगळ्या वाटांनी आलीत ही माणसं!

नीलकंठशास्त्री गोरे घ्या. जन्म १८२५ चा, घराणं कोकणस्थ, वाढले काशीत. हा माणूस मिशनऱ्यांना वादात हरवायला गेला होता. ख्रिस्ती मताचं खंडन करणारा ग्रंथ त्यांनी संस्कृतात लिहिला, तेव्हा वय जेमतेम विशीचं. पण प्रतिपक्षाचं खंडन करायचं तर त्याचं म्हणणं नीट वाचावं लागतं, आणि तिथंच घोटाळा झाला. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नीलकंठचे नेहेम्या झाले. पुढे १८७० मध्ये धर्मगुरूची दीक्षाही मिळाली. गंमत म्हणजे शंका तिथंही थांबल्या नाहीत. फादर गोरे आयुष्यभर शंकांनी पोळत राहिले, स्वतःला उलटसुलट तपासत राहिले, आणि तरी त्या वाटेवरून हलले नाहीत. मला तर हा माणूस फारच जवळचा वाटला. आपल्याकडे असा एक तरी सीनियर असतो, जो दहा वेळा टेस्ट करूनसुद्धा साइन-ऑफ देताना घाम पुसत असतो. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे नेण्यात याच गोऱ्यांचा मोठा वाटा होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. पण त्या स्वतःच पुढे सांगतात, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त काही वर्षांनी भेटला. म्हणजे तारीख एक आणि घटना दुसरीच.

दुसरे बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगाव, कासार समाज. 'यमुनापर्यटन' ही १८५७ ची त्यांची कादंबरी, मराठीतली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय'. त्यातला परमहंस सभेचा भाग वाचताना मी सरळ उठून बसलो. ही सभा मुंबईत १८४९ च्या सुमारास निघाली. जातिभेद मोडायचा हा उद्देश. सभासद गुप्तपणे जमायचे आणि परजातीच्या माणसानं केलेला पाव खायचे. बाहेर पडलं की तोंड पुसून घरी. घरी सोवळंओवळं, सणवार, सगळं यथासांग. पुढे सभासदांची नावं फुटली म्हटल्यावर सभाच मोडली.

आता सांगा, हे वाचून तुम्हाला कोणाची आठवण झाली? मला आमच्या सहाजणांच्या फ्लॅटची झाली. शनिवारी रात्री काय काय मागवायचं, आणि रविवारी सकाळी घरून व्हिडिओ कॉल आला की कॅमेरा कुठल्या कोपऱ्याकडे करायचा, हे सगळ्यांना पाठ. आम्ही म्हणजे कोथरूडची परमहंस सभाच. फरक एवढाच, की आमचा कसलाही उद्देश नाही.

बाबा पदमनजी त्या सभेत होते. पण त्यांना तेवढ्यानं भागेना. ३ सप्टेंबर १८५४ ला त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे पाळकाचं काम केलं. त्यांनी जे मानलं ते तुम्हाआम्हाला पटो न पटो, तो वेगळा विषय. मला लागलं ते हे, की मनात बदलणं आणि बदललो म्हणून सांगणं यांत एवढं अंतर असतं. पहिलं गाडीत बसल्या बसल्या होतं. दुसऱ्यासाठी घराची पायरी चढावी लागते.

आणि इथं काकांची 'त्यानंतरची' गोष्ट येते.

टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई तिथं नव्हत्या. नवऱ्याच्या मनात काहीतरी शिजतंय याची कुणकुण होती, पण झालेली गोष्ट त्यांना कळली ती झाल्यावर. पदरात लहान मुलगा. माहेरी सोवळं इतकं कडक, की 'स्मृतिचित्रे'ची सुरुवातच वडिलांच्या सोवळ्याच्या कहाण्यांनी होते. एका दिवसात त्या ना सवाष्ण ना विधवा अशा होऊन बसल्या. चार-साडेचार वर्षं नवराबायको वेगळे राहिले. त्या काळात त्यांची मनाची आणि शरीराची काय दशा झाली ते त्यांनी स्वतःच लिहिलंय, तेही मधूनच हसवत. रडू येतंय असं वाटेपर्यंत हसू येतं, आणि उलटंही. अजून वाचलं नसेल तर हे सोडून आधी ते वाचा, मी काही रागावणार नाही.

मग त्या टिळकांकडे परत आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. नगरला त्यांचं सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. या काळात लक्ष्मीबाई स्वतःशी विचार करत होत्या. जात देवानं केली, की माणसानं? कुणाच्या हातचं पाणी प्यायल्यानं नक्की काय बिघडतं? असं करत करत एकेक बंधन त्यांनी आपल्या हातानं सोडलं, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. डब्यात कोणी साहेब भेटला नाही, भविष्य सांगितलं नाही. पाण्याचा एक तांब्या, मग दुसरा.

काका म्हणाले, "टिळकांची साक्ष सगळीकडे सांगतात. पण बदल म्हणजे काय ते कळायचं असेल तर बाईंची वाच. टिळकांनी निर्णय घेतला. तो झेलला बाईंनी."

टिळक १९०४ मध्ये पाळक झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळला, चर्चमध्ये भजन-कीर्तन आणलं, आणि १९१९ मध्ये वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला लग्नानंतर जेमतेम लिहितावाचता येऊ लागलं, तिनं. हे मला थोर वाटतं.

मी काकांना विचारलं, "आणि तुमची साक्ष?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "माझ्या गोष्टीत आगगाडीच नाही," ते म्हणाले. "आजोबा ख्रिस्ती झाले, वडील पाळक. मी चर्चच्या बाकावरच वाढलो. धर्मशास्त्राच्या कॉलेजात पोरं विचारायची, तुझं तारण कुठल्या तारखेला झालं? प्रत्येकाकडे तारीख होती. एक दारू सोडून आलेला, एक तापातून वाचलेला. मी आपली दहावीच्या सुट्टीतली एक तारीख ठोकून दिली. सगळे आमेन म्हणाले."

मित्रानं मान वर करून बापाकडे बघितलं. त्यालाही हे माहीत नव्हतं.

"तशाच उसन्या तारखेवर पाळक झालो. मग १९९३ चा भूकंप झाला."

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावं हादरली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो गेली. काका तेव्हा तिशीच्या आतले. नगरहून मदतीला गेलेल्या एका तुकडीबरोबर ते गेले.

"पाऊस पडत होता. चिता पेटत नव्हत्या. एक म्हातारी होती, घरातले सगळे गेलेले. मी पाळक आहे हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाली, बाबा, तुझ्या देवाला सांग, मला पण ने म्हणावं. मी तिचा हात धरला आणि प्रार्थना करायला डोळे मिटले. काही नाही. शब्दच येईना. मी नुसता तिच्याजवळ बसून राहिलो. पुढे परत आलो तरी तेच. रोज पाठ केलेलं बोलायचो, लोक आमेन म्हणायचे. पण आत सगळं बंद. तिसऱ्या शनिवारी रात्री मी हिला सांगितलं, की मला देव आहे असं वाटेनासं झालंय."

काकू आत भांडी लावत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आणि धाकटी चार महिन्यांची होती, आणि घर चर्चचं होतं. तेही सांगा."

"हो. पाळकपण गेलं असतं तर छप्परही जाणार होतं. ही रात्रभर काही बोलली नाही. सकाळी म्हणाली, मला सांगितलंत तसंच तिथं सांगा, खोटं नका बोलू. मग मी व्यासपीठावर उभा राहिलो आणि म्हणालो, आज माझ्याकडे उपदेश नाही. तीन आठवडे मला प्रार्थना करता येत नाही. तुम्ही माझ्यासाठी करा."

"मग?"

"दोन घरं उठून गेली. वडीलमंडळींनी संध्याकाळी मीटिंग बोलावली. पण एक शिक्षक होते, ते जागेवरच उभे राहिले आणि त्यांनी टिळकांचं एक भजन सुरू केलं. हळूहळू बाकीच्यांनी धरलं. मी नुसता ऐकत होतो. मला काही प्रकाशबिकाश दिसला नाही. पण वाटलं, हे लोक धरून आहेत, आपण थोडा वेळ यांच्या आधारानं उभं राहू. प्रार्थना परत यायला वर्ष गेलं. कुठल्या दिवशी आली तेही सांगता येणार नाही. पण तारीखच विचारशील तर मी त्या रविवारची सांगेन. ज्या दिवशी नाही म्हणालो, त्या दिवशीची."

कोणी काही बोललं नाही. लांबून कुठून तरी नाताळची गाणी ऐकू येत होती. काकूंनी बाहेर येऊन परत करंज्यांचं ताट पुढे केलं, आणि मी पोट भरलेलं असताना दोन खाल्ल्या.

गैरसमज नको. मी काही ख्रिस्ती वगैरे झालेलो नाही, व्हायचा विचारही नाही. मला अजूनही पलीकडे रिंग जात नाही. पण मी जिला माझा प्रामाणिकपणा समजत होतो, ती पहाटे बांधून ठेवलेली पोथी, तिची किंमत मला त्या अंगणात कळली. शून्य. कारण मी ते एकट्यानं, दार लावून केलं होतं. पाव खाल्ला होता आणि तोंड पुसलं होतं. आणि त्याच वेळी आईला एका खोट्या गोष्टीवर उभं करून ठेवलं होतं. बाबांच्या जिवाचा हिशेब ती माझ्या न झालेल्या पारायणावर मांडत होती, जगाला सांगत होती.

पुण्याला आल्यावर तीन आठवडे मी काही केलं नाही. (पुस्तकं वाचली. अभ्यास करणं हा टाळाटाळ करायचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे.) मग एका शनिवारी सांगलीची बस पकडली. फोनवर सांगायचं नाही एवढं ठरवलं होतं.

आई ओट्यापाशी होती. मी म्हणालो, "आई, बाबांच्या वेळचं पारायण मी केलं नव्हतं. एक अध्याय वाचला आणि ठेवून दिलं. मला ते मनापासून येत नाही. आणि तुला खोटं सांगितलं."

ती वळली नाही. गॅस बारीक केला. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, "वाडीच्या गुरुजींना मी काय सांगू आता?" मला याला उत्तर नव्हतं. जेवायला वाढलं, पण आग्रह केला नाही. आमच्या घरात आग्रह न करणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. बाबा मला बसस्टँडवर सोडायला आले. म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. पण आता काही दिवस ती मला त्रास देणार."

पुढचा गुरुवार आला. फोन नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी, मी स्टँडअपमध्ये असताना, फोन वाजला. बाहेर येऊन घेतला.

"आज नऊ अध्याय झाले," आई म्हणाली.

"कुणाचे?"

"माझे. कुणाचे म्हणजे काय? बोललेलं पारायण राहिलंय. तू करणार नाहीस, ह्यांना बसवत नाही. मग कोण करणार?"

मी म्हणालो, "अगं, पण बायकांनी..."

"माहितेय मला," ती म्हणाली. "दत्ताला विचारून बसलेय. तुला नाही." मग जरा थांबून, "आणि तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा. ते वेगळं आहे."

"हो गं," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

सातव्या दिवशी रात्री तिचा फोन आला. पारायण पुरं झालं होतं. आवाज बसला होता. मला म्हणाली, "जेवलास का?" दिव्याचं तिनं विचारलं नाही.